ओएसपीएफ संथ मार्ग का निवडते? मदत हवी आहे

आमच्या सीताबर्डी, हिंगणा आणि बुटीबोरी येथील कार्यालयांचे राउटर ओएसपीएफ या डेटाचा मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलने जोडलेले आहेत. सीताबर्डी ते बुटीबोरी थेट १०० एमबीपीएसची रेडिओ लिंक आहे, तर हिंगणामार्गे दोन्ही टप्पे १ जीबीपीएस फायबरचे आहेत. तरीही सगळा डेटा रेडिओवरूनच जातो. आरआयपी हा दुसरा मार्ग-प्रोटोकॉल केवळ हॉप (वाटेतील राउटरचे टप्पे) मोजतो हे समजते, पण ओएसपीएफनेही तसेच वागावे? ओएसपीएफ संदर्भ बँडविड्थला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट (किमान १) काढते आणि कमी कॉस्टचा मार्ग निवडते; ही बँडविड्थ मुळात १०० एमबीपीएस असल्याने प्रत्येक लिंकची कॉस्ट १ धरली जाते आणि थेट मार्ग १, वळणाचा २ ठरतो, असा माझा कयास आहे. तो बरोबर असल्यास ही संदर्भ बँडविड्थ तिन्ही राउटरवर १०,००० एमबीपीएस करावी, की रेडिओच्या दोन्ही टोकांची कॉस्ट हाताने वाढवावी? खोदकामात (ते इथे बारमाही असते) फायबर तुटल्यास रेडिओचा पर्याय आपोआप मिळायला हवा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.