ओपनसीव्हीत लाल गोल अर्धेच सापडतायत

पिक्सेलवेडी: पायथनमध्ये ओपनसीव्ही (फोटोवर प्रक्रिया करायची लायब्ररी) वापरून स्क्रिप्ट लिहितेय, फोटोतले लाल गोल मोजायचेत. फोटो एचएसव्हीत (रंगछटा, रंगाचा गडदपणा, उजळपणा असे वेगळे आकडे) बदलून इनरेंजला (ठरावीक रंगाचे पिक्सेल निवडणारं फंक्शन) ह्यू म्हणजे रंगछटा ० ते १० दिलाय तरी काही गोल पूर्ण सुटतात, काहींचा तुकडाच येतो, आणि निळे चौकोन मात्र त्याच कोडने व्यवस्थित मिळतात. दोन दिवस यातच गेलेत, प्लीज सांगा कोणीतरी.

मास्कवाला: लालचं असंच होतं. ह्यू म्हणजे रंगांचं चक्र, आणि लाल नेमका जिथे ते सुरू होतं आणि संपतं तिथेच बसलाय. ८ बिट इमेजमध्ये ओपनसीव्ही ३६० अंश अर्धे करून ० ते १७९ धरतं, म्हणून ० ते १० चा एक मास्क (निवडलेले पिक्सेल पांढरे, बाकी काळे असं चित्र), १७० ते १७९ चा दुसरा, आणि दोन्ही बिटवाइज ऑरने (कुठल्याही एकात असलेला पिक्सेल घेऊन) जोडा. इमरीड (फोटो वाचणारं फंक्शन) फोटो बीजीआरमध्ये, म्हणजे निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं हेही बघा, आरजीबी समजून कन्व्हर्ट केलंत तर लाल-निळा उलटा होतो.

कोकणकोडर: गोल ओळखायला कोपरे मोजत बसू नका. काँटूरचं (आकाराच्या बाहेरच्या कडेचं) क्षेत्रफळ गुणिले ४π, भागिले परिमितीचा वर्ग. आदर्श गोलाला १ येतं, चौरसाला ०.७८५. पिक्सेलच्या पायऱ्यांमुळे परिमिती जरा फुगते, त्यामुळे खरा गोलही ०.९ च्या आसपासच येतो, मी ०.८५ ची मर्यादा ठेवतो.

पिक्सेलवेडी: दुसरा मास्क लावला आणि सगळे आले, मनापासून थँक्यू दोघांना!! फक्त चिकटलेले दोन गोल एकच धरतंय.

मास्कवाला: त्याला डिस्टन्स ट्रान्सफॉर्म (प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती आत आहे ते मोजणं) करून वॉटरशेड (चिकटलेले आकार वेगळे करायची पद्धत) लावा.