२७ दिवसांचा सम्राट: हुओ ग्वांगने ल्यू हेला लढाईशिवाय कसं काढलं?

वाचनवेडा:
पश्चिम हान घराण्याबद्दल वाचतोय. इ.स.पू. ७४ मध्ये सम्राट झाओ निपुत्रिक वारला, चांगयीचा राजा ल्यू हे गादीवर आला आणि कारभारी हुओ ग्वांगने २७ दिवसांत त्याला उतरवलं. आरोप काय, तर १,१२७ गुन्हे. म्हणजे दिवसाला चाळीसच्या वर! हा आकडा कुणी मनावर घेतं का? आणि ल्यू हेची माणसं राजधानीत असताना एकही तलवार कशी निघाली नाही?

जुनेकागद:
१,१२७ हे गुन्हे नव्हेत, तिथेच सगळ्यांची गल्लत होते. आरोपपत्रातलं वाक्य असं आहे की, राजमुद्रा मिळाल्यापासून २७ दिवसांत त्याचे दूत अधिकारदंड घेऊन वेगवेगळ्या कचेऱ्यांत गेले आणि १,१२७ बाबतींत हुकूम व मागण्या सोडल्या. सुतकात मांस खाल्लं वगैरे आरोप वेगळे. खरी ठिणगी पडली ती या हुकमांमुळे. हुओ ग्वांग सचिवालयाचा प्रमुख होता, सगळे कागद त्याच्या हाताखालून जायचे. नवा सम्राट ती वाट टाळून चांगयीहून आणलेल्या माणसांकरवी थेट हुकूम सोडू लागला. ती २०० हून जास्त माणसं नंतर मारली गेली. बाजारातून नेताना ती ओरडत होती, 'वेळेवर निर्णय घेतला नाही, म्हणून ही पाळी आली.' यावरून काही अभ्यासक म्हणतात की कट दोन्हीकडून शिजत होता. मला ते पटतं.

दरबारी:
तलवार निघाली नाही, पण मुठीवर हात गेला होता. हुओ ग्वांगने पदच्युतीची गोष्ट काढली तेव्हा मंत्र्यांची वाचाच बसली. मग त्याच्या गटातला त्येन यान्न्येन मुठीवर हात ठेवून उठला: 'जो उत्तराला उशीर करील त्याचं डोकं उडवायची परवानगी द्या.' सगळे लगेच राजी.

पुढचं काम राजमाता शांगग्वानच्या नावाने झालं. ही झाओची विधवा, वय जेमतेम १५, आणि हुओ ग्वांगची नात (मुलीची मुलगी). ल्यू हेला झाओचा वारस म्हणून आणलेलं, त्यामुळे ती त्याची आई ठरली आणि आईचा हुकूम मुलाला मोडता येईना. दुसरी पळवाट म्हणजे घराण्याचा मूळपुरुष गाओझू याच्या मंदिरात त्याची हजेरी अजून लागली नव्हती, म्हणून राज्यारोहण पुरं झालंच नाही असं म्हणता आलं.

राजमातेला भेटून ल्यू हे आपल्या दालनात शिरला, तोच द्वारपालांनी दारं ओढून घेतली. माणसं बाहेर, राजा आत. हुओ ग्वांगचा साथीदार सेनापती झांग आनशी याने घोडदळ आणून बाहेरच्यांना बांधलं. दालनातल्यांना ताकीद होती की याने जीव देता कामा नये, नाहीतर राजहत्येचा डाग हुओ ग्वांगच्या माथी. मग आरोपपत्राचं वाचन झालं. ल्यू हे म्हणाला, सात स्पष्टवक्ते मंत्री असले तर वाईट सम्राटाचंही राज्य जात नाही. उत्तर मिळालं, 'राजमातेने काढलंय, आता कसला सम्राट?' आणि हुओ ग्वांगने त्याचा हात धरून मुद्रेची फीत सोडवून घेतली.

वाचनवेडा:
मग इ.स.पू. ६६ मध्ये याच हुओ घराण्याचा निर्वंश कसा झाला?

जुनेकागद:
त्यानंतरचा सम्राट शुआन सामान्यांत वाढलेला, सहा वर्षं गप्प बसला. हुओ ग्वांगने कारभार परत देऊ केला तेव्हा 'आधी हुओ ग्वांगना विचारा' म्हणून टाळलं. शहाणपणच ते, कारण घेतला असता तर तो टिकला नसता असं मला वाटतं. मधल्या काळात, इ.स.पू. ७१ मध्ये, हुओ ग्वांगच्या बायकोने स्वतःच्या मुलीला महाराणी करायचं म्हणून शुआनची बाळंतीण राणी शू हिला वैद्याकरवी बचनाग चारला.

हुओ ग्वांग इ.स.पू. ६८ मध्ये वारला आणि शुआनने आधी कागद हातात घेतले. तोवर अर्जाच्या दोन प्रती द्याव्या लागत. एक सचिवालयाचा प्रमुख उघडायचा, नको असेल तर दाबून टाकायचा. वेई श्यांग या मंत्र्याच्या सल्ल्याने ती प्रत बंद झाली, आणि हुओंविरुद्धच्या तक्रारी थेट सम्राटापुढे येऊ लागल्या. मग राजवाड्यांच्या पहाऱ्यावरचे हुओंचे जावई एकेक करून बदलले, काहींना मानाच्या पण बिनफौजेच्या जागा, काहींना दूरचे जिल्हे, आणि त्यांच्या जागी शू व शी या सोयऱ्यांच्या घराण्यांतली माणसं. घाबरून हुओंनी कट केला तोपर्यंत दारावर त्यांचं कुणी उरलं नव्हतं. मला वाटतं, क्रम उलटा असता, आधी बदल्या केल्या असत्या, तर शुआन स्वतः कोंडला गेला असता.

दरबारी:
ल्यू हेचं उरलेलं: इ.स.पू. ६३ मध्ये त्याला हायहुनचा सरदार केलं, ५९ मध्ये वारला. नानचांगजवळ त्याची कबर २०११ मध्ये सापडली. शंभर किलोहून जास्त सोनं आणि सुमारे दहा टन नाणी मिळाली. काही सोन्याच्या चकत्यांवर शाईने लिहिलंय की हे इ.स.पू. ६३ सालचं, सरदारांनी मंदिरविधीसाठी सम्राटाला द्यायचं सोनं आहे. पण पूर्वजांच्या मंदिरातल्या विधींना यायची त्याला बंदी होती, त्यामुळे ते भरायला त्याला वाटच नसावी.