मदत हवी आहे: जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, जुन्या यू ४७ च्या वळणाचा माइक घ्यावा का यू ८७ च्या?

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहायलोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता यायचा नाही म्हणून. यू ४७ आणि यू ८७ म्हणजे न्यूमन ह्या जर्मन कंपनीचे नावाजलेले स्टुडिओ माइक.

मी परभणीचा. मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, लग्न, सप्ते, कीर्तन, जयंत्या सगळं करतो, त्यामुळं एसएम ५८ हा स्टेजवरचा माइक रोजच हातात असतो पण स्टुडिओच्या कंडेन्सर माइकशी, म्हणजे बारीकसारीक टिपणाऱ्या नाजूक माइकशी, आपला संबंध कमीच. आता आमची आत्या, वडिलांची थोरली बहीण, वय ७८, गंगाखेडच्या अलीकडं एका खेड्यात राहते, तिच्याकडं जात्यावरच्या ओव्यांचा खजिना आहे. माहेरच्या, भावाच्या, जनाबाईच्या, दुष्काळाच्या. मागच्या वर्षी पोळ्याला गेलो तेव्हा सहज मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर ३ तासात तिनं एक ओवी परत म्हटली नाही. तेव्हापासून डोक्यात एकच आहे की हे नीट रेकॉर्ड झालं पाहिजे. तिच्यानंतर ह्या ओव्या कुणालाच येत नाहीत, माझ्या आईलाही नाही.

अडचण अशी की आत्याला जातं फिरल्याशिवाय ओवी येतच नाही. मी म्हटलं आत्या नुसती बसून म्हण, तर दोन ओळीत अडकली, हात मांडीवर गोल गोल फिरायला लागला. खुंटा हातात आला की वैरण घालता घालता सुरूच. म्हणजे जात्याची घरघर असणारच, मला ती पूर्ण घालवायची पण नाही, ती ओवीचा ठेकाच आहे, पण आवाज तिच्याखाली दबला नाही पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट, आत्याला कवळी आहे. स, श आणि आपला दातातला च, म्हणजे चूल चमचा मधला, हे अक्षर आलं की बारीक शिट्टी वाजते. समोर बसून ऐकताना कानाला काहीच खटकत नाही, गोडच वाटतं, पण माइकमध्ये ते सुईसारखं टोचतं.

मी काय काय करून बघितलं ते सांगतो. पहिल्यांदा ऑनलाइन एक ६,००० चा कंडेन्सर मागवला, खोक्यावर लिहिलेलं की जुन्या जर्मन माइकचा आवाज, दिसायला पण तसाच, जाळी तशीच, रंग तसाच. त्याच्यात आत्याचा प्रत्येक स ऐकताना दात आंबायचे. नंतर नातेवाईकाच्या लग्नाला आत्याला घेऊन मुंबईला जायचं होतं, तिथं माझा मित्र एका स्टुडिओत कामाला आहे, त्यांच्याकडं १९७० च्या दशकातला यू ८७ आहे, अजून चालू. मित्रानं सकाळी तासभर स्टुडिओ मोकळा करून दिला. मी माझा ६,००० वाला सोबत नेलेला. दोन्ही माइक एकावर एक असे लावले, एक सरळ एक उलटा, कॅप्सूलला कॅप्सूल (माइकमधला आवाज टिपणारा पडद्याचा भाग) जवळजवळ चिकटलेली, आत्या वीतभर अंतरावर. जातं नव्हतं तर तिनं लाकडी पाट पुढ्यात घेऊन त्याच्यावर हात फिरवला, आणि बाई सुरू झाली.

आधी ऐकलं तर मला माझाच माइक भारी वाटला. मित्र म्हणला थांब, तुझा जास्त जोरात वाजायलाय म्हणून तसं वाटतंय. त्यानं दोन्ही ट्रॅक एका लेव्हलला आणले, अगदी अर्ध्या डीबीपर्यंत (डीबी म्हणजे आवाजाचं माप) जुळवले, मग कोणता कोणता ते न सांगता ऐकवले. तेव्हा खरं कळलं. नुसतं आ लावलं तर फरक फार नव्हता, खरं सांगतो, एवढ्या पैशाचा तर नव्हताच. फरक होता तो अक्षरात. ओवीच्या दुसऱ्या ओळीत आत्या शेवटचा स्वर सोडते आणि श्वास घेते, तो श्वास यू ८७ मध्ये श्वासच होता, माझ्यात नुसता फस्स. आणि च. जुन्यात च दातावर आपटून पुढं जात होता, माझ्यात तिथंच थांबून शिट्टी मारत होता.

त्यावर मग मी दोन महिने वाचत बसलो. जेवढं पक्कं समजलं तेवढं लिहितो, चुकलं तर सुधारा.

यू ६७ (१९६०) आणि यू ८७ (१९६७) ह्यांच्यात के ६७ घराण्यातली कॅप्सूल. ही कॅप्सूल मुळातच वरच्या फ्रिक्वेन्सीला बरीच उचलून देते, आणि न्यूमनच्या लोकांनी सर्किटमध्ये फीडबॅक देऊन ती उचल परत खाली आणली. दोन्ही मिळून तो आवाज. स्वस्तातल्या माइकवाले करतात काय, तर के ६७ सारखी कॅप्सूल घेतात आणि तिला साधं सपाट सर्किट जोडतात, ट्रान्सफॉर्मर पण नाही, म्हणजे उचल तशीच राहते आणि तीच स ला आणि च ला चावते. माझा माइक मी खोलून बघितला, आत एवढीशी हिरवी पट्टी आणि चार पार्ट. मग समजलं की अंग जर्मन माइकचं आणि पोट भलत्याचंच.

यू ४७ ची गोष्ट वेगळी. तो १९४९ पासूनचा, त्यात आधी एम ७ कॅप्सूल होती, जी न्यूमनकडं १९३० च्या दशकापासूनच होती, आणि टेलिफुंकेनची व्हीएफ १४ नावाची स्टीलच्या डब्यातली ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायचा तसला व्हॉल्व्ह. लंडनच्या अॅबी रोडला बीटल्सचे आवाज ह्याच्यावर आणि ह्याच्या भावावर, यू ४८ वर, घेतलेत. यू ४७ ची वरची पट्टी के ६७ सारखी टोकाला चढत नाही, मधला भाग पुढं येतो, जवळून गायलं की छातीतला आवाज भरून येतो. पुढं व्हीएफ १४ बनायची बंद झाली आणि ट्यूबच संपल्यावर १९६० च्या दशकात माइकही बंद झाला. आज चांगला अस्सल यू ४७ बाहेरच्या बाजारात दहा हजार डॉलरच्या वरच जातो, आपल्या विचारातच नको. आणि एम ७ चा पडदा पीव्हीसीचा, तो वर्षानुवर्षं वाळतो, तडकतो, त्यामुळं आज दोन जुने यू ४७ शेजारी ठेवले तरी एकसारखे वाजत नाहीत. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं आमचा नवीन माइक अगदी ४७ सारखा, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की कोणत्या ४७ सारखा?

तिसरं घराणं एकेजी कंपनीच्या सी १२ चं, १९५३ चं, आणि त्याच सीके १२ कॅप्सूलचा टेलिफुंकेन ईएलए एम २५१. ह्यांची वरची हवा फार सुंदर म्हणतात पण कवळीवाल्या आवाजाला ती हवा नको असं माझं मत, म्हणून हे घराणं मी सोडून दिलं.

आता जात्याचं. इथं माझी खरी गाडी अडकलीय. आत्या खाली बसते, जातं तिच्या पुढ्यात, माइक तोंडासमोर वीतभर, म्हणजे जातं माइकच्या बरोबर खाली येतं. माइक कुठल्या दिशेचा आवाज घेतो तो त्याचा पॅटर्न. कार्डिऑइड पॅटर्न समोरचं ऐकतो, मागून येणारा आवाज मारतो, पण बाजूचा, म्हणजे ९० अंशातला, फक्त ६ डीबीनं कमी करतो. फिगर एटमध्ये तसं नाही, समोर आणि मागं ऐकतो आणि पडद्याच्या रेषेत जे काही येईल, डावीउजवीकडं, वर, खाली, तिथं जवळपास बहिरा असतो. म्हणजे माइक सरळ उभा लावून पडदा तोंडाकडं केला तर जातं आपोआप बहिऱ्या जागेत. पाठीमागची भिंत मात्र ऐकू येणार, तिथं दोन जाड वाकळी टांगायच्या. आमच्या खोलीत खाली शहाबादी फरशी आणि वर पत्रे, नुसती टाळी वाजवली तरी खण्ण करतं, म्हणून वाकळी तशाही लागणारच आहेत. जात्याखाली पण एक पोतं घालतो आणि स्टँडखाली चौपदरी घोंगडं, नाहीतर फरशीतून घरघर वर चढते.

तर फिगर एट पाहिजे हे पक्कं. अस्सल यू ४७ मध्ये तो नाहीच, त्यात कार्डिऑइड आणि चहूकडचं ऐकणारा ऑम्नी दोनच, फिगर एट हवा म्हणूनच यू ४८ होता. पण वॉर्म ऑडिओ कंपनीच्या नवीन डब्ल्यूए ४७ मध्ये पॉवर सप्लायवर ९ पॅटर्न आहेत, फिगर एटसकट. त्यात के ४७ (यू ४७ मध्ये एम ७ च्या नंतर आलेली) वळणाची कॅप्सूल आणि व्हीएफ १४ च्या जागी जेजे कंपनीची ईएफ ८०० ट्यूब. त्याच कंपनीच्या डब्ल्यूए ८७ मध्ये ३ पॅटर्न, ट्यूब नाही, ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणाऱ्या करंटवर, चालतो, आणि सर्किट जुन्या यू ८७ वरून घेतलंय म्हणतात, म्हणजे ती वरची उचल खाली आणणारा भाग त्यात असला पाहिजे.

माझ्याकडं ७०,००० आहेत, हंगामात साठवलेले, घरच्यांना सांगून बाजूला ठेवलेत. ८७ त्यात बसेल. ट्यूबवाल्या ४७ ला अजून बरीच भर घालावी लागेल, ती पण घालेन, पण मला लाईटची भीती वाटायलीय. आत्याच्या गावात व्होल्टेज दुपारी एक आणि संध्याकाळी एक, लाईट गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरवर आमच्या मिक्सरमध्येच घुंई येते. ट्यूब माइकला स्वतःचा वेगळा पॉवर सप्लाय, आत शंभराच्या वर व्होल्ट, चालू केल्यावर गरम व्हायला पण वेळ द्यावा लागतो. मध्येच लाईट गेली तर आत्याची लय तुटली. ८७ मी लॅपटॉपच्या बॅटरीवर इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी) लावून शेतात पण चालवू शकतो.

तर प्रश्न असे. ज्यांनी ही दोन्ही वापरलीत त्यांनी सांगा, डब्ल्यूए ८७ मध्ये स आणि च खरंच आटोक्यात राहतो का, का तिथं पण नंतर डी एसर (स, श ची शिट्टी दाबणारं प्रोसेसिंग) मारत बसावं लागतं? ट्यूबवाला खेड्यातल्या लाईटवर कुणी चालवलाय का, स्टॅबिलायझर लावून भागतं का? आणि फिगर एटवर जवळून गाताना खालचा आवाज फारच फुगतो का, कारण त्या पॅटर्नमध्ये प्रॉक्सिमिटी, म्हणजे माइकच्या जवळ गेलं की खालचा आवाज वाढणं, कार्डिऑइडपेक्षा जास्त असते आणि आत्याचा आवाज मुळात जाड आहे.

यूट्यूबवर तुलनेचे व्हिडिओ शंभर बघितले असतील. सगळे इंग्रजी गाणं, गिटार, आणि त्यांच्यात आपला दातातला च, ज, झ नाहीच, मग मला त्यातून काय कळणार. म्हणून हात जोडून विनंती, ज्याच्याकडं ह्यातला कुठलाही माइक असेल त्यानं हे एक वाक्य वीतभर अंतरावरून, काही प्रोसेस न करता, वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करून टाका: सासूनं सुपातली ज्वारी जात्यात सोडली, चिमणी चिंचेच्या झाडावर चोच घासत बसली. बाईच्या आवाजात मिळालं तर फारच उपकार, घरातल्या आजीनं म्हटलं तर त्याहून चांगलं.

अपडेट, ५ दिवसांनी: सगळ्यांचे आभार, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. एका ताईंनी सुचवलं की आधी आहे त्या माइकची जागा बदलून बघा, कॅप्सूल तोंडाच्या थोडी वर, नाकाच्या रेषेत, आणि माइक जरासा तिरका. काल गावाला जाऊन केलं. शिट्टी निम्म्यानं तरी कमी झाली, त्याच ६,००० वाल्यात. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं, स्टेजवर मी हेच रोज करतो.

आणि एका भाऊंनी डब्ल्यूए ४७ ज्युनियर सुचवला, तो माझ्या नजरेतूनच सुटलेला. त्यात के ४७ वळणाचीच कॅप्सूल, ट्यूब नाही, फँटमवर चालतो, ३ पॅटर्न आणि फिगर एट त्यात आहे. ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे जुन्या ४७ चा तो भरीव भाग किती येईल माहीत नाही, पण माझ्या तिन्ही अडचणी, कवळी, जातं आणि लाईट, एकाच माइकमध्ये बसायल्यात, आणि पैसे उरले तर खोलीला छताखाली कापसाच्या गाद्या लावता येतील. आता ४७ ज्युनियर आणि ८७ एवढ्यावर आलोय. ज्युनियरवर कुणीतरी ते चिमणीचं वाक्य म्हणून टाका. आत्या पोळ्यापर्यंत आमच्याकडंच राहायला आलीय, जातं पण सोबत आणलंय, टेम्पोतून.