दमा आजोबांकडून आला की शेजारच्या बांधकामातून?

वारजेकर: मुलाला बालदमा निघाला की पहिला प्रश्न, "घरात कोणाला आहे?" एखादी आत्या, एखादे आजोबा सापडले की विषय संपला. पटत नाही. आमच्या शेजारी पुनर्विकास चालू आहे. हिरवी जाळी फाटून लोंबतेय, पाण्याचा टँकर येतो तो साहेबांची पाहणी असेल त्याच दिवशी. सकाळी गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत, शहर बदलतं.

निंबोणी: असहमत. जुळ्यांवरच्या अभ्यासांत दम्याचा निम्म्याहून जास्त वाटा आनुवंशिकतेकडे जातो. 2007 मध्ये 17व्या गुणसूत्रावरचा एक भाग बालदम्याशी जोडलेला सापडला, पुढेही तेच दिसत राहिलं. एकाच अंगणात खेळणाऱ्या दोघांपैकी एकालाच पंप (इनहेलर) का लागतो, ते सांगा.

वारजेकर: अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन ख्रिस्ती शेतकरी समाज घ्या. दोघांचेही पूर्वज मध्य युरोपातले, जनुकं जवळपास सारखी. आमिशांची शेती घोड्यांवर, हटराइटांची यंत्रांवर. 2016 च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा 5 टक्के, हटराइट मुलांत 21. आता बोला!

निंबोणी: बोलते की. आमिशांच्या घरातल्या धुळीत गोठ्यातल्या जंतूंचे अंश कितीतरी जास्त होते, आणि त्यांनीच मुलांचा दम्यापासून बचाव केला असं अभ्यासक म्हणतात. जर्मनी एकत्र झाल्यावर तपासलं तर पूर्वेच्या धुरकट लाइपझिगपेक्षा पश्चिमेच्या स्वच्छ म्युनिकच्या मुलांत दमा जास्त. तुमचा टँकर कुठे बसतो यात?

खटपट्या: शेण आणि सिमेंट एकाच मापात? लाइपझिगच्या मुलांना ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) जास्त होता, तेही सांगा ना. दमा जडणं वेगळं, असलेला उसळणं वेगळं. हवेतल्या सूक्ष्म कणांची आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 5. उसळायला एवढं पुरे.

माणदेशी: शहर शहर काय लावलंय? आमच्याकडे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला धाप लागली तर "वय झालं" म्हणतात. मुलीचा पंप लग्न ठरेपर्यंत कपाटात. जगातले साधारण 13 टक्के दमेकरी भारतात, पण दम्याने मरणाऱ्यांत आपण 40 टक्क्यांच्या वर. ते जनुकांनी नाही मरत. "पंपाची सवय लागते" म्हणून गोळ्यांवर ढकलतात, म्हणून मरतात.

निंबोणी: याला मात्र +1.

वारजेकर: पंप चालूच आहे हो आमच्याकडे. पण मुलाने रोज औषध ओढायचं आणि बिल्डरने साधी जाळी बदलायची नाही?