दुधाशिवाय घट्ट कोल्ड कॉफी: वर खोबऱ्याचे कण, खाली पाणी

फोंडेकरीण
माझ्या मुलीला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. पचत नाही असं नव्हे, दुधातलं प्रथिनच चालत नाही, त्यामुळे लॅक्टोज काढलेलं दूधही बाद. ती पणजीला कॉलेजात जाते. मैत्रिणी कॅफेत मिक्सरवर फिरवलेली बर्फाळ कॉफी घेतात आणि ही लिंबूसोडा घेऊन बसते, ते मला बघवत नाही. घरी करायची म्हणून सोलकढीला काढतो तसं नारळाचं पहिलं दाट दूध काढलं, इन्स्टंट कॉफी, साखर आणि भरपूर बर्फ घालून फिरवलं. चव छान, पण वर पांढरे कण तरंगतात, जिभेला मेणचट लागतात, आणि ग्लास अर्धा होईतो खाली तपकिरी पाणी. ओट्सचं आयतं दूध रोज परवडत नाही. कोणाला जमलंय का?

म्हापशाची काकी
बाय, ते कण म्हणजे गोठलेलं खोबरेल. नारळाचं तेल साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं, मग बर्फाशी गाठ पडल्यावर दुसरं काय होणार? सोलकढी फ्रिजमध्ये ठेवली की वर थर धरतो, तेच हे. नारळ कढीला ठेव, कॉफीला काजू घे. काजूचं तेल फ्रिजच्या थंडीत तसं कणी धरत नाही, शिवाय त्यात पिष्ट असतं, म्हणून दाटपणा येतो. ती काजू खाते ना, तेवढं मात्र आधी सांग.

तुकडा काजूच घे, वाटायचेच तर अख्ख्याला पैसे कशाला! पाव वाटी काजू ४ तास भिजवायचे, ते पाणी टाकून अर्धी वाटी ताजं पाणी घालून चटणीच्या भांड्यात गंधासारखे वाटायचे. बोटांत चोळून बघ, रवाळ लागलं तर अजून फिरव. गाळू नको, गाळलंस तर घट्टपणा चोथ्याबरोबर जाईल.

आता मुख्य गोष्ट: पाण्याचा बर्फ घालूच नको. कडक कॉफी करून बर्फाच्या ट्रेमध्ये लाव, म्हणजे वितळली तरी कॉफीच राहते. गोडही त्यातच विरघळव. मी माडाचा काळा गूळ घालते आणि गाळून घेते, कारण त्यात कचरा असतो. गोड कॉफीचे खडे साध्या बर्फाएवढे कडक होत नाहीत, नखाने दाबले तर खूण उमटते, त्यामुळे मिक्सरच्या पात्यालाही त्रास कमी. आधी काजूचं वाटण, मग खडे थोडे थोडे, मिक्सर थांबवत थांबवत. चिमूटभर मीठ घाल, कडवटपणा मऊ होतो. सलग फिरवलंस तर भांडं तापतं आणि सगळं पातळ होतं.

डिचोलीकर
ताई, अ‍ॅलर्जी प्रथिनाची आहे म्हणून एक सांगतो. पाकिटावर ‘नॉन-डेअरी क्रीमर’ लिहिलेलं असलं तरी मागे ‘सोडियम केसिनेट’ आहे का ते वाचा. ते दुधाचंच प्रथिन. नारळाच्या दुधाच्या काही पावडरींतही असतं. आणि ज्या भांड्यात लस्सी होते, त्याच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुवा, ताक तिथेच अडकून बसतं.

फोंडेकरीण
काकी, काजू खाते ती. रिंग मात्र कधीच काढली नव्हती, आता कॉफीला वेगळंच भांडं काढते. आमच्याकडे फिल्टरची चिकोरीवाली पावडर आहे, ती चालेल?

म्हापशाची काकी
चालेल, उत्तमच. चिकोरीने रंग आणि दाटपणा दोन्ही येतात. पण डिकॉक्शन पहिल्या धारेचं घे, पाणी घालून वाढवू नको. वाटलेले काजू फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात, त्यापुढे आंबूस वास यायला लागतो. आपल्या हवेत तर बाहेर अजिबात ठेवू नकोस.