विमानात चढू दिलं नाही, भरपाई कशी मागायची? (तातडीची मदत हवी आहे)

वैतागलेला_बाणेरकर: आई-बाबांना आज गेटवरून परत पाठवलं. तिकीट कन्फर्म, बोर्डिंग पास हातात. त्यावर सीट नंबर नव्हता, 'गेटवर मिळेल' म्हणाले होते. आता संध्याकाळच्या विमानात टाकलंय. भरपाईचं विचारलं तर 'पॉलिसीत बसत नाही'. नियम काय आहे? लवकर सांगा.

खवचट_काका: कुठून कुठे? आधीची वेळ? आताची? पोचले कधी? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

वैतागलेला_बाणेरकर: पुणे-दिल्ली. ९:४० चं होतं, आता ६:१५. वेळेत पोचले होते हो!

मुक्ता_प: डीजीसीएचा (सरकारी विमान वाहतूक नियामकाचा) नियम आहे. पर्यायी विमान एक तासाच्या आत सुटलं तर काही नाही. २४ तासांच्या आत असेल तर एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याच्या २००%, कमाल १०,००० रुपये. त्यापुढे ४००%, कमाल २०,०००. हे माणशी. जीएसटी, विमानतळाचे आकार यात धरू नका.

फ्रँकफर्टवासी: आमच्याकडे लांबच्या फ्लाइटला ६०० युरो मिळतात.

खवचट_काका: अहो, ते दिल्लीला चाललेत.

रुळावरचा_माणूस: म्हणून दुरांतो बरी. मी विमानाच्या वाटेलाच जात नाही.

मुक्ता_प: तिथे आरएसी असतंच की. साइड लोअरवर दोघं गुडघ्याला गुडघा लावून.

रुळावरचा_माणूस: पण गाडीत घेतात! आणि आधी सांगतात. हे लोक जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून वर हसतात.

कोथरूडचा_विमानवाला: काही प्रवासी येतच नाहीत, म्हणून जास्त विकतात. नियमाला ते मान्य आहे. पण आधी स्वेच्छेने थांबणारे कोण, हे विचारावं लागतं. विचारलं होतं का? आणि आई-बाबांनी कशावर सही केली का?

वैतागलेला_बाणेरकर: दोन-दोन हजारांचं व्हाउचर दिलं, त्याच्या कागदावर बाबांनी केली. त्याचा काय संबंध?

कोथरूडचा_विमानवाला: तोच तर संबंध! 'स्वेच्छेने थांबतो' असं लिहिलं असेल तर कंपनी तेच पुढे करणार. फोटो मागवा.

खवचट_काका: हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

वैतागलेला_बाणेरकर: फोटो आला. व्हाउचर मिळाल्याची पोच आहे, स्वेच्छेबिच्छेचं काही नाही. आईची सही नाही.

मुक्ता_प: मग आईंचा दावा तर सरळ आहे. सहीशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही, रोख किंवा बँकेत मागा. बाबांचाही सोडू नका. बोर्डिंग पास फेकू नका म्हणावं. कंपनीला ईमेल करा, दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार. जून २०२२ मध्ये अशाच प्रकरणी डीजीसीएने एअर इंडियाला १० लाखांचा दंड केला होता, तेही लिहा.

फ्रँकफर्टवासी: परतीचं तिकीट युरोपातून आहे का?

वैतागलेला_बाणेरकर: नाही!! ईमेल करतोय.