मदत हवी आहे: मेटलकोअर आणि आजचं हेवी मेटल, पुढे काय ऐकू?

मंडळी, नमस्कार.

मेटलकोअरमध्ये (हेवी मेटल आणि हार्डकोअर पंक यांचं मिश्रण) सध्या माझी गाडी अडली आहे, म्हणून विचारते. बँड सुचवा, पण नुसती नावांची माळ नको. कोणता अल्बम, त्यातलं कोणतं गाणं आधी लावायचं आणि का, एवढं लिहिलंत तर फार मदत होईल.

मला काय भिडतं ते आधी सांगते. सुरुवात झाली किलस्विच एंगेजपासून, 2004 च्या 'द एंड ऑफ हार्टेक'पासून. हॉवर्ड जोन्सचा गाण्याचा आवाज भरदार, आणि त्याच गळ्यातून निघणारी गर्जनाही तेवढीच भरदार. मग मागे जाऊन जेसी लीचच्या काळातला 2002 चा 'अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग' ऐकला आणि तो त्याहून जवळचा वाटला. जेसीचा आवाज तितका घोटीव नाही, पण शब्द पोटातून येतात. तो बँड सोडून गेला आणि 2012 मध्ये परत आला. परतल्यावरचा 'डिसार्म द डिसेंट' मी अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकते. दोघांत डावंउजवं करायचं नाहीये, मला दोघंही हवेत.

तिथून पार्कवे ड्राइव्ह, ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेचा बँड. त्यांच्या 2007 च्या 'होरायझन्स'चा निर्माता किलस्विचचाच ॲडम डट्किएविच आहे हे नंतर कळलं, आणि दोन्हीकडे जी एक धार जाणवायची तिचा उलगडा झाला. 2015 च्या 'आयर'मध्ये त्यांनी वेग उतरवला आणि सरळ हेवी मेटलची वाट धरली. बऱ्याच जुन्या चाहत्यांना ते पटलं नाही. मला पटलं.

आणि आर्किटेक्ट्स. यांच्याबद्दल थोडक्यात लिहिणं मला जमत नाही. टॉम सर्ल हा गिटारवादक आणि बँडचा मुख्य गीतकार, त्याचा जुळा भाऊ डॅन ड्रम्सवर. 'ऑल अवर गॉड्स हॅव अबँडन्ड अस' मे 2016 मध्ये आला आणि ऑगस्टमध्ये टॉम त्वचेच्या कर्करोगाने गेला. 28 वर्षांचा होता. त्याने अर्धवट ठेवलेलं 'डूम्सडे' हे गाणं बाकीच्यांनी पूर्ण करून 2017 मध्ये आणलं, पुढच्या वर्षी 'होली हेल' आला. 'डूम्सडे'त बँडचा गायक सॅम कार्टर गातोय की ओरडतोय हे ठरवता येत नाही. सूर पक्का धरलेला असतो आणि त्याच सुराला आतून भेग गेलेली असते. मला मेटलमधून जे हवं असतं ते सगळं त्या भेगेत आहे.

आता अडचण. शिफारशींमध्ये जे नवे बँड समोर येतात त्यांची गाणी मला दुसऱ्या मिनिटाला पुढे काय येणार ते सांगून टाकतात. कडव्यात आरडाओरडा, कोरस गुळगुळीत, मग सगळं शांत, एखादा इलेक्ट्रॉनिक आवाज, आणि धाडकन ब्रेकडाउन. ब्रेकडाउनवर माझा राग अजिबात नाही. स्नेअर निम्म्या चालीवर येतो, तळहाताने दाबलेल्या तारा ड्रम्सच्या किकबरोबर एकाच ठोक्यावर पडायला लागतात, ते अंगात भिनतं. पण तो गाण्यातून उगवलेला हवा, मागाहून डकवलेला नको.

तर असे बँड सांगा ज्यांत जड भाग आणि सुरेल भाग एकमेकांशिवाय उभे राहू शकणार नाहीत. मेटलकोअरच हवं असा हट्ट नाही, आजचं कुठलंही हेवी मेटल चालेल. गोजिराचं नाव सारखं कानावर येतं, पण सुरुवात कुठून करावी? शब्दही माझ्यासाठी महत्त्वाचे आहेत.

एक जोडप्रश्न: मी थोडंफार गाते. हे लोक वर्षानुवर्षं स्क्रीम करतात, म्हणजे गाण्यात खरखरीत किंचाळतात, तेव्हा गळा टिकतो कसा?

—

खर्ज

गोजिरापासूनच सुरुवात करा, तुमच्या वर्णनात अगदी चपखल बसतात. फ्रान्सचा बँड, जो आणि मारिओ हे द्युप्लांतिए भाऊ, एक गिटार आणि गळा, दुसरा ड्रम्स.

बरेच जण 2016 चा 'मॅग्मा' आधी सुचवतात, कारण गाणी आटोपशीर आहेत आणि जो द्युप्लांतिए त्यात मोकळेपणाने गातो. हा अल्बम घडत असताना त्यांची आई आजारी होती आणि त्यातच गेली. शब्द महत्त्वाचे म्हणता, तर 'मॅग्मा' वाचत वाचत ऐका. पण माझं मत विचाराल तर पहिलं गाणं 'फ्लाइंग व्हेल्स' असावं, 2005 च्या 'फ्रॉम मार्स टू सिरियस'मधलं. सुरुवातीला देवमाशांचे आवाज, त्याखाली गिटारची एक साधी, स्वच्छ आकृती, बराच वेळ तेवढंच. त्या शांततेची सवय झाली की मग वजन पडतं. तुम्ही म्हणता तसं उगवलेलं जडपण यापेक्षा चांगलं मला दाखवता येणार नाही. घाईने पुढे ढकलू नका, ती पहिली दोन मिनिटं ऐकली नाहीत तर पुढच्या रिफचा (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचा) अर्थच लागत नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांतून वाजवणारे ते हेच. ऑपेरा गायिका मरिना व्हियोटीबरोबरच्या त्या गाण्याला 2025 मध्ये ग्रॅमीही मिळालं. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर त्यांनी आपला आवाज जराही मऊ केला नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

—

डबल_बेस

मी ड्रम्स वाजवतो, त्यामुळे माझा कान तिकडून ऐकतो.

ऑगस्ट बर्न्स रेड. पेन्सिल्व्हेनियातले. जेक लुअर्स सुरेल असं जवळपास गातच नाही, पण म्हणून सुरेलपणा कमी नाही, तो सगळा दोन गिटारींनी उचललाय. 2009 चा 'कॉन्स्टेलेशन्स' घ्या, आधी लावायचं गाणं 'मॅरियानाज ट्रेंच'. ब्रेकडाउन भरपूर आहेत, पण ड्रमर मॅट ग्राइनर दोनदा तोच ठेका सहसा देत नाही, म्हणून अंदाज बांधता येत नाही.

दुसरं नाव मशुगा. स्वीडनचे, मेटलकोअर नव्हेत, पण आजच्या निम्म्या बँडांचं गिटारवादन यांच्याकडून आलंय. 2008 चा 'ऑबझेन', गाणं 'ब्लीड'. ऐकायची एक युक्ती सांगतो. गिटार आणि किककडे आधी लक्षच देऊ नका, टॉमस हाकेच्या झांजेकडे कान लावा. ती साधी चाराची लय धरून असते. गिटार मात्र वेगळ्याच लांबीचं चक्र फिरवत असते, पुढेपुढे सरकत जाते, आणि मग ओळीच्या शेवटी दोघं समेवर येतात. एकदा ती सम सापडली की गोंधळ वाटणारं सगळं स्वच्छ ऐकू येतं. कोरस वगैरे शोधू नका, मिळणार नाही.

—

जुनी_कॅसेट

'नव्यांची गाणी ओळखता येतात' याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. साचा नव्यांनी आणलेला नाही. 1995 चा 'स्लॉटर ऑफ द सोल' ऐका, ॲट द गेट्सचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या त्या रिफा अमेरिकेतल्या हार्डकोअरवाल्यांनी उचलल्या, त्यात आपला ब्रेकडाउन मिसळला, आणि 2000 नंतरचं मेटलकोअर बरंचसं त्यातून उभं राहिलं. किलस्विचची जी धार तुम्हाला आवडते तिचं एक मूळ तिथे आहे. अल्बम पस्तीस मिनिटांच्या आत संपतो, फाफटपसारा नाही.

आणि कन्व्हर्जचा 'जेन डो', 2001. यात तुम्हाला सुरेल कोरस मिळणार नाही, जेकब बॅननचे शब्द ऐकून कळणारही नाहीत, ते वाचावे लागतात. तरी सांगतोय, कारण तुम्हाला ती भेग हवी आहे ना? हा अख्खा अल्बम म्हणजे तुटलेल्या नात्याची भेग आहे. शेवटचं शीर्षकगीत अकरा मिनिटांहून मोठं आहे. ते सुटं ऐकू नका, आधीचं सगळं सोसून त्याच्यापर्यंत पोहोचा.

—

मंद्र_तार

नव्यांची बाजू मी मांडते, कारण गेल्या काही वर्षांत फार चांगलं काम झालंय.

स्पिरिटबॉक्स, कॅनडा. गायिका कोर्टनी लाप्लांट. 2021 च्या 'इटर्नल ब्लू'मधलं शेवटचं गाणं 'कॉन्स्टन्स' आधी ऐका. स्मृतिभ्रंशाने माणूस हळूहळू निसटत जातो त्याबद्दल आहे, आजीच्या आठवणीतलं. जवळजवळ सगळं गाणं ती गाते आणि स्क्रीम राखून ठेवते. त्यामुळे तो येतो तेव्हा त्याला कारण असतं.

जिंजर, युक्रेन. 'पायसीस'चं लाइव्ह सेशन पाहा, नुसतं ऐकू नका. तातियाना श्मायलुक शांत उभी राहून हळुवार गात असते आणि त्याच चेहऱ्याने, त्याच श्वासात खोल ग्राउलमध्ये, म्हणजे घोगऱ्या गुरगुरीत, उतरते.

लोदचा 2020 चा 'आय लेट इट इन अँड इट टुक एव्हरीथिंग' धुक्यासारखा आहे, एका बैठकीत ऐकायचा. आणि उलट टोकाला नॉक्ड लूज. 2024 चा त्यांचा अल्बम अर्ध्या तासाच्या आत आटपतो. गायिका पॉपीबरोबरचं 'सफोकेट' लावा: शेवटच्या ब्रेकडाउनला ठेका चक्क रेगेटॉनचा (लॅटिन अमेरिकी नाचाच्या संगीताचा) होतो, आणि तरीही गाण्यातला सगळ्यात भीतिदायक भाग तोच आहे. डकवलेल्या ब्रेकडाउनला यापेक्षा सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

गळ्याबद्दल: स्क्रीम म्हणजे जोर लावून ओरडणं नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर घड्यांची आणखी एक जोडी असते. एका पद्धतीत तिला कंप देऊन खरखर काढतात, दुसरी पद्धत बोलताना शेवटी आवाज चिरकतो तशा आवाजातून बांधत नेतात. दोन्हीत हवा ऐकणाऱ्याला वाटते त्यापेक्षा कमी लागते, बाकीचं काम माइक करतो. दुखलं किंवा खवखवलं की थांबायचंच. ट्रिव्हियम या बँडचा गायक मॅट हीफी याचं उदाहरण बघा. 2014 मध्ये त्याचा आवाज गेला, 2015 चा 'सायलेन्स इन द स्नो' त्याने एकही स्क्रीम न करता केला, तंत्र नव्याने शिकला आणि 2017 च्या 'द सिन अँड द सेंटेन्स'मध्ये स्क्रीम परत आणला. हे दोन अल्बम लागोपाठ ऐका, गाणारीला त्यातून बरंच शिकता येईल. पण स्वतः करून बघायचं असेल तर शिकवणारं माणूस समोर हवं.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशिलात कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

'कॉन्स्टन्स' आणि 'फ्लाइंग व्हेल्स' ऐकली. 'कॉन्स्टन्स'च्या शेवटाला काय म्हणू कळत नाही. माझ्याही घरात तो आजार होऊन गेला आहे, त्यामुळे तो स्क्रीम मला पूर्ण कळला. खर्ज, पहिली दोन मिनिटं सोडू नका हे सांगितलंत ते फार बरं केलंत. मशुगाची सम अजून पकडायचा प्रयत्न चालू आहे, डबल_बेस. दोनदा सापडली आणि सुटली. 'जेन डो' शब्द समोर ठेवून ऐकणार आहे.

'फ्लाइंग व्हेल्स'सारखी लांब, वेळ घेत चढणारी आणखी गाणी कोणाकडे आहेत? ट्रिव्हियमच्या 'शोगन'चं शीर्षकगीत बारा मिनिटांच्या आसपास आहे असं दिसलं, ते चालेल का?

—

खर्ज

'शोगन' चालेलच, त्यात ट्रिव्हियमने आपल्याकडचं सगळं ओतलंय. पण त्याच्या शेजारी मॅस्टोडॉनचा 2009 चा 'क्रॅक द स्काय' ठेवा. ड्रमर ब्रॅन डेलरची बहीण लहान वयात गेली, तिचं नाव स्काय. तुमच्यासाठी शब्द महत्त्वाचे आहेत म्हणून हे आधी सांगतोय. सातच गाणी आहेत, शेवटचं 'द लास्ट बॅरन' तेरा मिनिटांचं. स्क्रीम कमी, गाणं जास्त, आणि तीन जण आलटून पालटून गातात.

तो आवडला तर 2004 चा 'लेव्हायथन', तो 'मोबी-डिक' या कादंबरीवर बेतलाय, म्हणजे पुन्हा देवमासाच. मात्र तो वेळ घेत चढत नाही. 'ब्लड अँड थंडर' पहिल्या सेकंदापासून अंगावर येतं.